पत्र पुन्हा सुरू करायचंय, आणि यावेळी वर्गणीही घ्यायचीय

माझं ईमेल-पत्र ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२२ मध्ये बंद पडलं. मी ते बंद केलं असं म्हणवत नाही. सुरू केलं तेव्हा टाळेबंदी होती, कार्यक्रम शून्य, गाण्याचा क्लास बंद, वेळच वेळ. दर रविवारी एक राग, एक बंदिश, सोबत रेकॉर्डिंग. मग सभागृहं उघडली, क्लास भरले. एक पत्र आठवडाभर उशिरा गेलं, पुढचं तीन आठवडे, त्याच्या पुढचं गेलंच नाही. २०२४ च्या दिवाळीत ते पुन्हा सुरू केलं आणि सोबत वर्गणी आणली. तेव्हापासून नागपुरातलं कोणी ना कोणी गाणारं-वाजवणारं विचारत असतं, हे जमवलं कसं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी लय धरा

पत्रं पैशावाचून बंद पडत नाहीत, लय चुकीची धरल्यामुळे पडतात. मी द्रुत, म्हणजे जलद, धरली होती. गळ्याला झेपेल का ते न बघता.

म्हणून कोणतंही खातं उघडण्याआधी वही घ्या आणि तुमचा वर्षातला सगळ्यात वाईट महिना आठवा. माझा डिसेंबर: परीक्षेला बसलेल्या मुली, थंडीतल्या मैफली, घरात एखादं लग्न. त्या महिन्यात पत्रासाठी किती तास निघतील? माझे प्रामाणिकपणे सहा निघाले. सहा तासांत जेवढं होतं तेवढंच वर्षभर कबूल करायचं. रिकाम्या जुलैच्या भरवशावर काहीही कबूल करू नका.

मी वर्षाला १० पत्रं धरली. मे सुट्टीचा, ४५ अंशांत मला सुचत नाही. दुसरी सुट्टी ऐन नवरात्राच्या महिन्यात. दिवस महिन्याचा पहिला रविवार, सकाळी ६. ही तुमची सम, तालाची पहिली मात्रा. मधे कितीही लयकारी करा, समेवर यायचंच. घोषणा करण्यापूर्वी तीन पत्रं पूर्ण लिहून बाजूला ठेवा. ही तीन पत्रं नसती तर मी पहिल्याच डिसेंबरात पुन्हा गेले असते.

जुन्या यादीचं काय करायचं

माझ्याकडे ६४० पत्ते होते. काही वाचकांनी स्वतः दिलेले, काही क्लासच्या फॉर्मवरचे, काही कार्यक्रमानंतर फिरवलेल्या अभिप्रायाच्या कागदावरचे. यात गोम आहे. ज्या आईनं मुलीच्या क्लाससाठी पत्ता दिला, तिनं तो पत्रासाठी दिलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही तोच आहे, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि त्याला संमती हवी. कायदा बाजूला ठेवला तरी अडीच वर्षांनी अचानक येऊन पैसे मागणं बरं दिसत नाही.

मी हे पत्र पाठवलं:

«नमस्कार. मार्च २०२२ नंतर माझं पत्र तुमच्याकडे आलं नाही. कारण मोठं काही नव्हतं, मला झेपलं नाही. दिवाळीपासून ते पुन्हा सुरू करतेय, महिन्याला एक. हवं असेल तर या पत्राला उत्तर म्हणून फक्त ‘सा’ लिहून पाठवा. उत्तर आलं नाही तर मी तुमचा पत्ता यादीतून काढून टाकेन.»

‘सा’ लिहिण्यात दोन कामं होतात. संमती हातात येते, आणि वाचक ज्याला उत्तर देतो त्याचं पुढचं पत्र त्याची मेलपेटी सहसा स्पॅममध्ये ढकलत नाही. एका पंधरवड्यानं एक आठवण पाठवली. मग जे गप्प राहिले ते सगळे काढले. काढताना हात अडखळतो, पण काढा. ६४० चे २१२ झाले. एकीनं ‘सा रे’ लिहून पाठवलं. एका मुलानं कळवलं की बाबा गेल्या वर्षी गेले, त्यांना मारवा रागाचं पत्र आवडलं होतं, त्यांच्याऐवजी माझा पत्ता घ्या.

हे सगळं साध्या जीमेलमधून बीसीसीत टाकून पाठवू नका. दिवसाला ५०० ची मर्यादा असते, आणि त्याच्या आतही असा गठ्ठा संशयास्पद ठरतो. पत्र पाठवणारी एखादी सेवा घ्या आणि स्वतःच्या नावाचं डोमेन जोडा. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात, पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे त्यावरून ओळखतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत कडक झाले आहेत. घरातल्या कॉम्प्युटरवाल्या भाच्याला रविवारी जेवायला बोलवा, तासाभरात होतं. ‘पत्र नको’ ही लिंक दिसेल अशी ठेवा, लपवू नका.

मराठी पत्राच्या खास अडचणी

हे कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं आणि खाली ‘पूर्ण पाहा’ अशी ओळ देतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, अनुस्वाराला तीन-तीन. त्यातच सजावटीचं कोडिंग. म्हणजे आपलं पत्र इंग्रजीपेक्षा किती तरी आधी कापलं जातं, आणि वर्गणीची लिंक हमखास कापलेल्या भागात असते. भपकेदार साचे टाळा. पांढऱ्यावर काळं, एखादा फोटो, पुरे.

दुसरी गंमत स्वरलेखनाची. संगीतशास्त्रकार वि. ना. भातखंड्यांच्या स्वर लिहिण्याच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. मी तोडीच्या पत्रात रे, ग, ध खाली रेघा देऊन सरगम टाईप केली. रविवारी सकाळी धंतोलीहून एका आजींचा फोन: «ताई, मी ग वर बोट ठेवून राहिली, पण काही उघडतच नाही.» मेलमध्ये अधोरेखित म्हणजे लिंक! तीव्र मध्यमाच्या डोक्यावरची उभी रेघ तर अर्ध्या फोनवर चौकोन होऊन दिसत होती. मंद्र सप्तकाचा खालचा टिंब नुक्ता म्हणून चिकटतो, तोही कुठे दिसतो, कुठे नाही. तेव्हापासून सरगम हाताने वहीत लिहिते, नीट उजेडात फोटो काढते आणि पीडीएफ करून देते. लोकांना छापील अक्षरापेक्षा हाताचं लिखाण जास्त आवडतं, हे नंतर कळलं.

रेकॉर्डिंग पत्राला जोडू नका. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल तिथेच संपला. लिंक द्या. ती लिंक सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार, हे धरून चाला. त्यावर पहारा देण्यात रियाझाचा वेळ घालवू नका.

पैसे कशाचे घ्यायचे

इथे बहुतेक जण चुकतात. मीही पहिला आराखडा केला तेव्हा मोफत पत्रात थोडी माहिती आणि पैशाच्या पत्रात जास्त माहिती, असं ठेवलं होतं. माहितीला कोण पैसे देणार? वादी-संवादी, थाट, समय सगळं फुकट पडलेलं आहे.

माझं मारव्याचं उदाहरण देते. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पूरियात वजन गंधार-निषादावर, मारव्यात रिषभ-धैवतावर, सोहनी वरच्या अंगानं, तार षड्जाच्या आसपास फिरते. एवढं मोफत पत्रात सविस्तर लिहिलं, प्रत्येकाचं एकेक छोटं स्वरवाक्य गाऊन दिलं. वर्गणीदारांना १२ मिनिटांचं वेगळं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात मी मारवा गातेय आणि तीनदा नकळत पूरियात घसरतेय. प्रत्येक वेळी थांबून सांगतेय की पाय कुठे घसरला. पहिल्यांदा गंधारावर जरा जास्त रेंगाळले, दुसऱ्यांदा निषादावर ठेहराव घेतला. तिसऱ्यांदा मला स्वतःलाच उशिरा कळलं, ते मी कापलं नाही.

त्या रेकॉर्डिंगवर जेवढी उत्तरं आली तेवढी माझ्या कुठल्याही तयार गाण्यावर आली नाहीत. तयार गाणं सभागृहात ऐकायला मिळतं. रियाझाची खोली कोणी उघडून दाखवत नाही. तुमच्याकडे विकण्यासारखं जे आहे ते तिथे आहे. सतार असेल तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठे कमी पडते ते दाखवा, तबला असेल तर ‘कायदा’ नावाच्या रचनेचा पलटा कुठे फसतो ते.

आता नाजूक भाग. «विद्या विकायला काढली» हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. मला लागलं, तेही जवळच्या माणसाकडून. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नाही, लोकांच्या पैशावर. आपल्या गावचे म्हणावेत असे वसंतराव देशपांडे इथे शंकरराव सप्र्यांकडे शिकले आणि पुढे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गायले. कलावंताचं पोट कुठून तरी भरावं लागतंच. मी भांडत बसले नाही, पण एक गोष्ट केली. गुरूंकडे गेले आणि विचारलं की तुमच्याकडून मिळालेल्या कोणत्या चीजा, म्हणजे बंदिशी, मी पत्रात देऊ शकते. त्यांनी यादीतल्या चार खोडल्या. त्या चार कधीच दिल्या नाहीत. तुमचे गुरू हयात असतील तर हे आधी करा, नंतर कळून वाईट वाटण्यापेक्षा बरं. नसतील तर गुरुबंधूंना विचारा.

कायद्याची बाजू सोपी आहे. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राहतो. भातखंडे १९३६ मध्ये गेले, त्यांच्या स्वतःच्या रचना मोकळ्या आहेत. कुमार गंधर्व १९९२ मध्ये गेले, त्यांच्या बंदिशींवरचा हक्क २०५२ संपेपर्यंत आहे. छापून विकायच्या तर परवानगी लागेल. जुन्या पारंपरिक बंदिशींना अडचण नाही. आकाशवाणीवरचं किंवा एखाद्या आयोजकानं केलेलं तुमचंच रेकॉर्डिंगही न विचारता वर्गणीदारांना देऊ नका. गळा तुमचा असला तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

साथीदारांना विसरू नका. तबला आणि हार्मोनियम वाजवणारेही कायद्यानं कलाकारच आहेत. रेकॉर्डिंग पैसे देणाऱ्यांकडे जाणार आहे हे आधी सांगा, बिदागी ठरवा आणि ‘चालेल’ असं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

किती पायऱ्या, किती रुपये

तीनच. चौथी काढावीशी वाटेल, काढू नका.

पहिली मोफत, आणि ती पोटभर असू द्या. दुसरीला मी ‘बैठक’ म्हणते, वर्षाला ₹९००. मोफत पत्र तर आहेच, वर हातची सरगम आणि रियाझाचं रेकॉर्डिंग. तिसरी ‘घरची मैफल’, वर्षाला ₹३,०००, जागा फक्त २५, कारण लक्ष्मीनगरातल्या माझ्या हॉलमध्ये सतरंजी घालून २५ च माणसं बसतात. वर्षातून चार संध्याकाळी, माइक नाही, मधे चहा आणि सांबारवडी. हा आकडा ठरवताना साथीदारांची चार वेळची बिदागी आधी मांडा, मग बाकीचं.

पहिल्या वर्षी २१२ पैकी ३८ जणांनी ‘बैठक’ घेतली आणि १७ जणांनी ‘घरची मैफल’. हिशेब केला तर १७ जणांचे पैसे ३८ जणांपेक्षा जास्त भरले. नागपूरच्या श्रोत्याला स्क्रीनचं एवढं कौतुक नाही, त्याला समोर बसायचंय. पुण्या-मुंबईत काय होतं मला माहीत नाही, पण इथे तिसरी पायरी ठेवाच.

काय देऊ नये तेही सांगते. ‘तुमचं गाणं पाठवा, मी तपासून देईन’ असं कधीही कबूल करू नका. पाच मिनिटांचं गाणं तीनदा ऐकून नीट उत्तर लिहायला अर्धा तास जातो. २० जणांचे १० तास झाले, आणि तुमच्या वहीत तर सहाच आहेत. ते क्लासचं काम, क्लासच्या फीत. ‘आजीव सभासद’ हाही मोह टाळा. जुन्या मासिकांची ती परंपरा आहे, पण एकदा पैसे घेऊन जन्मभर पत्र लिहायचं या कल्पनेनंच मला घाम फुटतो.

पैसे घेणार कसे

परदेशातले लेख वाचून तुम्ही सबस्टॅकसारख्या ईमेल-पत्रं चालवणाऱ्या सेवेवर जाल आणि पैशाच्या दारात अडाल. सबस्टॅक, घोस्ट वगैरे वर्गणी गोळा करतात ती स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीमार्फत, आणि स्ट्राइपनं २०२४ पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच ठेवली आहेत. त्यामुळे मोफत पत्र तिथून पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, पैसे मात्र भारतीय मार्गानं घ्या: रेझरपेसारख्या गेटवेचं पेमेंट पान, किंवा सरळ यूपीआयचा क्यूआर. गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, ₹९०० मागे एकवीस-बावीस रुपये. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नये.

मासिक वर्गणी ठेवू नका असं माझं ठाम मत आहे. दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानं कार्डाची आधी नोंदणी लागते आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी वाचकाला सूचना जाते. म्हणजे महिन्यातून एकदा तुम्हीच त्याला विचारता, ‘बंद करायचं का?’ शिवाय आपला वाचक साठीच्या आसपासचा. खामल्यातल्या एका काकांनी मला स्पष्ट सांगितलं, «ताई, ते ऑटो-पे गिटो-पे आपल्याला नाही जमत. मी येऊन देऊन जातो ना.» आले, ₹९०० चं पाकीट दिलं, चहा घेतला, पावती मागितली. पावतीपुस्तक घरात ठेवा! ‘वर्गणी’ म्हटल्यावर एकानं फोनवर «कोणत्या मंडळाची?» असंही विचारलं होतं, तरी मी शब्द बदलला नाही. वार्षिक वर्गणी भरणं मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेलं आहे, ‘सबस्क्रिप्शन’ म्हटलं की तो बिचकतो.

वर्गणीसाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. हे उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायचं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. शास्त्रीय गायन-वादनाच्या कार्यक्रमाला एका वेळी दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी माफ आहे, पण ती माफी प्रत्यक्ष कार्यक्रमाची, पत्राची नाही. आणि २० लाख मोजताना ते माफ मानधन, क्लासची फी, वर्गणी सगळं एकत्र धरतात. तेवढं झालंच तर पेढे पाठवा.

रेकॉर्डिंगची खोली

फोन चालतो, महागडा माइक नंतर. नागपुरात खरा शत्रू कूलर. त्याची घरघर तानपुऱ्याच्या खर्जाला खाऊन टाकते, आणि फोन बिचारा दोन्हीला एकच समजतो. मार्च ते जून मी पहाटे पाचला रेकॉर्ड करते, कूलर बंद करून, खिडकीला जाड चादर लावून. साडेपाचला दुधवाल्याची घंटी वाजते, तोपर्यंत आटोपायचं. भैरव, ललत, तोडी ही पत्रं म्हणूनच उन्हाळ्यात येतात. वाचकांना वाटतं मी फार विचार करून क्रम लावलाय.

पैसे परत करायची सोय आधीच

हा शेवटचा मुद्दा लोक ऐकून घेतात आणि करत नाहीत. वर्गणी ₹९०० आणि पत्रं १० हे मी मुद्दाम जुळवलं. पत्रामागे ₹९०, तोंडी हिशेब. पहिल्याच पत्रात लिहून टाकलं की जे पत्र येणार नाही त्याचे ₹९० परत मिळतील. वर्गणीदारांच्या वहीत नाव, तारीख आणि रकमेसोबत पैसे कुठे परत पाठवायचे त्याचा एक रकाना सुरुवातीलाच आखून घ्या, नंतर ३८ जणांना विचारत फिरणं कठीण.

फेब्रुवारीत माझा गळा बसला. बोलताही येत नव्हतं, राखीव पत्रं डिसेंबर-जानेवारीत संपली होती. शनिवारी रात्री दोन ओळी पाठवल्या, आणि सोमवारी दुपारी वही उघडून एकेकाला ₹९० परत पाठवत बसले. ज्यांनी रोख दिले होते त्यांचे पाकिटात घालून ठेवले. खामल्याचे काका ते घ्यायला आले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी कोणाच्या तरी हाती ज्येष्ठमधाची पुडी पाठवली, सोबत चिठ्ठी: «९० जमा करून घ्या, पावती नको.»